खरा आकडा

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत ड्युटीवर जाणारा माणूस मोबाईल बाहेर ठेवून आत जातो. आत काडीपेटी चालत नाही, विडी चालत नाही. स्फोटकांच्या इमारतीत पाऊल टाकण्याआधी जमिनीशी जोडलेल्या धातूच्या पट्टीला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवायची असते. एका वेळी आत किती माणसं असावीत आणि किती माल असावा, हे बाहेरच्या पाटीवर लिहिलेलं असतं. ठिणगी आणि दारू यांच्यात अंतर राखायचं, एवढ्यासाठी ही सगळी शिस्त. २४ जानेवारी २०२५ च्या स्फोटात आठ कामगार गेले. तेव्हापासून ही शिस्त किती मोलाची आहे ते इथल्या पोरासोरांनाही सांगावं लागत नाही.

पाळी सुटली की तोच माणूस बाहेर येतो आणि फोन पुन्हा हातात घेतो. त्या फोनमध्ये पगाराचं खातं असतं, क्रिकेटवर पैसे लावायचं ॲप असतं, दोन मिनिटांत कर्ज देणारी आणखी तीन ॲप्स असतात. ठिणगी आणि दारू एकाच खिशात, आणि बाहेर पाटी कुठेच नाही. माझ्या ओळखीतली तीन घरं मी अशी आतून जळताना पाहिली, म्हणून जुगाराच्या नादावरच्या या पुस्तिकेला चार शब्द लिहायला मी तयार झालो.

त्यातल्या एका घराची गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. रविवारची दुपार होती. घरच्या बाईच्या फोनवर वसुलीवाल्याचा मेसेज आला होता, तोही नवऱ्याच्या फोटोसकट. मला बोलावणं आलं ते जुना शेजारी म्हणून. मी गेलो तेव्हा तिनं मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही नवऱ्यासमोर ठेवली होती. ती म्हणाली, "अजी, मी भांडत नाई. मले फक्त आकडा सांगा." तो म्हणाला, एक लाख. ती काही बोलली नाही. थोड्या वेळानं तो म्हणाला, अडीच. मग त्यानं पेन उचललं. पतसंस्थेचं कर्ज. जीपीएफमधून काढलेले. मेहुण्याकडचे हातउसने. ज्याच्यासाठी मित्र जामीन राहिला होता ते. तीन ॲप्सचे. किराण्याची उधारी. 'पोत' हा शब्द त्यानं सगळ्यांत शेवटी लिहिला, तोही तिच्याकडे पाठ करून. चहा दोनदा निवला. संध्याकाळी बेरीज झाली तेव्हा ती पहिल्या आकड्याच्या सहापट निघाली.

त्या बेरजेनं ती बाई कोसळेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आता समजलं." एवढंच. त्या घराची सुटका त्या दिवशी सुरू झाली. कर्ज फिटायला पुढे बराच काळ गेला, तरी मी सुरुवात त्याच दिवसापासून मोजतो. या पुस्तिकेचं सार मला एका वाक्यात विचारलं तर मी म्हणेन: जुगारात अडकलेल्या माणसाला मदत मिळायला सुरुवात होते ती खरा आकडा कुणाच्या तरी कानावर पडल्यापासून. त्याआधी केलेली मदत बहुतेक वेळा जुगारालाच जाऊन मिळते.

जुगार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. पोळ्याच्या दिवसांत बावन्न पत्त्यांचे डाव बसतात आणि पोलिसांच्या धाडीही पडतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दंडार, खडी गंमत, नाटकं यांत रात्र जागते आणि गर्दीच्या कडेला कुठेतरी डाव मांडलेला असतो. रानाच्या आडोशाला कोंबडबाजार भरतो. आणि बारमाही सट्टापट्टी आहेच. तिचं मूळ मुंबईत. न्यूयॉर्कच्या बाजारातून येणाऱ्या कापसाच्या दरांवर तिथे आकडे लावले जात. ते दर येणं थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतःचा मटका सुरू केला. मडक्यातून चिठ्ठ्या काढण्याची रीत गेली, मग पत्ते आले, आता आकडा मोबाईलवर येतो. नाव मात्र मडक्याचंच राहिलं.

या खेळाचं गणित एकदा शांतपणे मांडून पाहावं. शून्य-शून्यपासून नव्व्याण्णवपर्यंत शंभर जोड्या. लागलेल्या जोडीला रुपयामागे साधारण नव्वद रुपये मिळतात. म्हणजे शंभरही जोड्यांवर एकेक रुपया लावला तर खिशातून शंभर जातात आणि नव्वद परत येतात. उरलेले दहा खेळवणाऱ्याचे. त्याचं नशीब कधी फिरत नाही, कारण तो नशिबावर खेळतच नाही. खेळणाऱ्यानं आकडे कितीही अभ्यासले, स्वप्नांचे अर्थ कितीही लावले, तरी हे दहा रुपये त्याच्या बाजूला येत नाहीत.

फोननं यात मोठा बदल केला. पट्टी घेणाऱ्याकडे चालत जावं लागे, चौकात कुणी पाहील याची भीती असे, खिशातले पैसे संपले की डाव संपे. आज रात्री दोन वाजता, पांघरुणात, आवाज बंद करून खेळता येतं, आणि पैसे संपले की कर्जाचं ॲप शेजारीच असतं. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्यानं तक्रार केली की बनावट ऑनलाइन गेमिंगमध्ये आपले ५८ कोटी रुपये गेले. आरोप होता तो गोंदियाच्या बुकीवर. गोंदिया १९९९ पर्यंत आपल्याच भंडारा जिल्ह्यात होतं. त्या व्यापाऱ्यानं सुरुवातीला पाच कोटी जिंकले होते, असंही तेव्हा समोर आलं. आकडा कोटीतला असो की हजारातला, पहिली जीत आमिषाचीच असते.

सरकारनंही या प्रश्नाचा आकार मान्य केला आहे. देशात ४५ कोटी लोकांना पैशांच्या ऑनलाइन खेळांचा फटका बसला आणि २०,००० कोटी रुपयांहून अधिक नुकसान झालं, हा केंद्र सरकारचाच अंदाज. त्यानंतर २२ ऑगस्ट २०२५ रोजी ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवणं, त्यांची जाहिरात करणं, त्यांचे पैसे वळते करणं हे गुन्हे ठरले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यानं गुन्हेगार न मानता बळी मानलं. ही फार महत्त्वाची गोष्ट आहे, आणि घराघरांत ती पोचायला हवी. पण कायद्यानं दुकान बंद होतं, नाद बंद होत नाही. नाद असलेला माणूस मागच्या दाराचं ॲप शोधतो, आणि तिथे फसवला गेला तर तक्रार करायलाही लाजतो.

नाद म्हणजे नेमकं काय, हे पुस्तिकेच्या पहिल्या भागात सविस्तर आलं आहे. मी थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात जुगाराचा विकार व्यसनांच्या गटात, दारू आणि तंबाखूच्या शेजारी आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी १९८० मध्येच त्याला आजार म्हणून नोंदवलं आणि २०१३ मध्ये व्यसनांत हलवलं. तेव्हा 'मनात आणलं तर सुटेल' हे वाक्य दारूच्या व्यसनाला जितकं लागू पडतं, तितकंच इथे.

याची एक खूण आमच्या निर्माणीतल्या लोकांना लवकर समजेल. कारखान्यात अपघात थोडक्यात टळला तर त्याची नोंद होते, चौकशी होते, सगळे सावध होतात. जुगारात याच्या उलट घडतं. सदतीस लावला आणि अडतीस आला, की माणूस म्हणतो, 'एका घरानं हुकलं!' खरं तर सदतीस आणि अडतीसमध्ये काही नातं नाही. दोन्ही चिठ्ठ्या तितक्याच लांब. पण मेंदूला ती हार जिंकत आल्यासारखी वाटते आणि हात पुन्हा खिशात जातो. पुढे गेलेले पैसे परत आणायला खेळणं सुरू होतं. 'एकदा लागला का सारं फेडतो, मंग हात नाई लावत,' हे वाक्य मी तिन्ही घरांत ऐकलं, आणि म्हणणारा प्रत्येक जण ते मनापासूनच म्हणत होता.

स्वतःला तपासायला दोन प्रश्न पुरतात. जगभरचे डॉक्टर ते वापरतात. एक, दिवसेंदिवस जास्त पैसे लावावेसे वाटतात का? दोन, किती खेळलो याबद्दल जवळच्या माणसांशी कधी खोटं बोलावं लागलं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर कुणाशी तरी बोलायची वेळ झाली आहे. इथेही दुसरा प्रश्न खोट्याचा आहे, हे लक्षात घ्यावं.

आमच्या वसाहतीत खोटं का बोललं जातं याची कारणं आहेत, आणि ती क्षुल्लक नाहीत. सगळ्यांचे पगार सगळ्यांना माहीत. क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागलेली. पक्की नोकरी असल्यामुळे कर्ज सहज मिळतं, जामीनदारही मिळतात, आणि म्हणून खड्डा खोल जाईपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. त्यात नोकरीची भीती. केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांत १७ वा नियम आहे. कर्मचाऱ्यानं सवयीचं कर्जबाजारीपण टाळावं, असं तो सांगतो. हा नियम अर्धाच ऐकून माणसं कर्ज लपवतात. पण कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टात दावा झाला तर सगळी हकिकत ताबडतोब वरिष्ठांना कळवावी, असंही तोच नियम म्हणतो. म्हणजे नियमालासुद्धा खरा आकडाच हवा आहे. लपवून ठेवल्यानं नोकरीचा धोका टळत नाही, वाढतो.

मदत कशी करावी याचा जुना आधार मला सापडला तो आपल्याच मुलुखातल्या एका बाईच्या गोष्टीत. त्याहून जुनं, ऋग्वेदात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. त्यात सासू तोंड फिरवते, बायको दूर लोटते, आईबाप ओळख नाकारतात, आणि शेवटी त्याला फासे सोडून शेत कसायला सांगितलं जातं. त्या काळी फासे म्हणजे बेहड्याची फळं. तोच बेहडा, जो आजही भंडाऱ्याच्या रानात उभा आहे. पण सूक्तातल्या माणसाला मदत कुणी करत नाही. मदत करते ती विदर्भाची दमयंती.

तिचा नवरा नळ राजा आपल्या भावाशी, पुष्कराशी, फासे खेळत बसला. सोनं गेलं, रथ गेले. प्रजा आणि मंत्री दाराशी आले. दमयंतीनं त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. त्यानं मान वर केली नाही. तेव्हा तिनं काय केलं? माहेरहून आणखी धन मागवून त्याच्या पुढ्यात ओतलं नाही. सारथ्याला बोलावलं आणि दोन्ही मुलं कुंडिनपुरी, आपल्या माहेरी पाठवून दिली. जे वाचवता येत होतं ते तिनं आधी डावापासून लांब नेलं. नंतर नळ तिला रानात सोडून गेला, तरी तिनं माणसं पाठवून त्याचा शोध घेतला. घर वाचवणं आणि माणसाला न टाकणं, ही दोन्ही कामं तिनं केली. आज व्यसनमुक्तीचे समुपदेशक कुटुंबांना हेच सांगतात.

महाभारतात ही गोष्ट कुणाला सांगितली आहे तेही पाहावं. फाशांवर सगळं घालवून वनात बसलेला युधिष्ठिर विचारतो की माझ्याहून दुःखी माणूस कधी झाला आहे का, आणि बृहदश्व ऋषी त्याला नळाची गोष्ट सांगतात. हरलेल्या माणसासमोर दुसऱ्या हरलेल्याची गोष्ट. १३ सप्टेंबर १९५७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये 'गॅम्बलर्स ॲनॉनिमस' सुरू झालं ते याच तत्त्वावर. जुगारातून बाहेर पडू पाहणारे लोक एकत्र बसतात, नाव-गाव न उघड करता आपापली हकिकत सांगतात. भारतातही काही मोठ्या शहरांत या बैठका होतात.

एका बाबतीत मात्र नळाची गोष्ट जशीच्या तशी घेऊ नये. शेवटी नळ पुन्हा फासे टाकतो आणि राज्य परत जिंकतो. प्रत्येक जुगाऱ्याच्या डोक्यात हाच शेवट असतो, आणि तोच त्याला बुडवतो. आपल्या गोष्टीत गेलेले पैसे परत येत नाहीत. ते गेले, असं मोठ्यानं म्हणता येणं हीच मोठी पायरी आहे.

आता प्रत्यक्ष मदतीकडे. टेली-मानस ही सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस लागतो आणि मराठीत बोलता येतं. फोन बाईनं केला तरी चालतो, मुलानं केला तरी चालतो. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांकही आहे. भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मानसिक आरोग्याच्या विभागात जाता येतं, आणि पुढची गरज लागली तर नागपूरला वैद्यकीय महाविद्यालय आणि प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 'मनोरुग्णालय' या शब्दाला घाबरू नये. तिथे बाह्यरुग्ण म्हणून दाखवून संध्याकाळी घरी परतता येतं. उपचार मुख्यतः बोलण्याचा असतो. कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो, हे ओळखून त्या वेळेला दुसरं काही जोडायचं. सोबत उदासी असेल किंवा झोप लागत नसेल तर औषधही देतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक केलं आहे.

कर्जाचं काम वेगळं आणि तितकंच तातडीचं. इथे कायदा आपल्या बाजूनं बरंच काही सांगतो. १८७२ च्या करार कायद्याच्या ३० व्या कलमानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. पैजेत जिंकलेले पैसे कोर्टात दावा लावून वसूल करता येत नाहीत. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या कायद्याखाली गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे करता येते. बँका आणि कर्ज कंपन्यांच्या वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. फोटो पाठवून बदनामीची धमकी आली किंवा ॲपवर फसवणूक झाली तर १९३० वर सायबर तक्रार करावी. वकिलासाठी पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. बाईला तिथे उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते. त्यांचा क्रमांक १५१००.

आणि कुटुंबानं काय करावं? एकदम सगळं कर्ज फेडून टाकू नये. मोकळा झालेला माणूस त्याच आठवड्यात नवीन कर्ज घेऊ शकतो. पगाराचं खातं, एटीएम कार्ड, युपीआय काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावं, आणि ते त्याच्या संमतीनं द्यावं. रोज लागणारे पैसे रोख द्यावेत. सिबिलचा अहवाल काढून लपलेली कर्जं पाहावीत. जामीनदारांना भेटून खरं सांगावं. ज्याला घराची अब्रू वाचवायची आहे त्यानं हे चार लोकांना सांगावं, चाळीसांना नको. ही तीच निर्माणीची शिस्त आहे: ठिणगी आणि दारू यांच्यात अंतर.

एक गोष्ट सगळ्यांत आधी वाचायची, म्हणून ती पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चौकटीत छापली आहे. जुगाराच्या कर्जात बुडालेल्या माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, आणि आकडा उघडा पडतो त्या रात्री ते सगळ्यांत जोरात येतात. 'मी गेलो तर तुम्ही सुटाल' असं कुणी म्हणालं तर ते बोलणं म्हणून सोडून देऊ नये. सरळ विचारावं, मरायचा विचार येतो का? विचारल्यानं तो विचार वाढत नाही. त्या रात्री त्याला एकटं झोपू देऊ नये, कीटकनाशकाचा डबा घरातून हलवावा, १४४१६ लावावा, आणि गरज पडली तर सरळ दवाखान्यात न्यावं. वहीत आकडा लिहिला त्या रात्री त्या बाईचा भाऊ बाहेरच्या खोलीत खाट टाकून झोपला होता. कुणी त्याला कारण विचारलं नाही.

पुन्हा घसरणंही होतं. माझ्या त्या शेजाऱ्याचंही झालं. सात महिन्यांनी एका सामन्याच्या रात्री त्यानं मित्राच्या फोनवरून पैसे लावले. पहिल्या खेपेला आकडा बाहेर यायला चार वर्षं लागली होती. या वेळी तो दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बायकोला म्हणाला, काल दोन हजार गेले. तिनं वही काढली आणि दोन हजार लिहिले.

ती वही अजून त्यांच्या घरी आहे. पतसंस्थेच्या ओळीवर रेघ मारली आहे, मेहुण्याच्याही. पोत अजून सुटलेली नाही, पण तिच्यापुढे दर महिन्याची तारीख त्याच्याच हातची आहे. ज्यांच्या घरात अशी वही अजून उघडलेली नाही, त्यांनी पुढची पानं वाचावीत, आणि वाचून झाल्यावर शेवटची कोरी पानं वापरावीत. ती त्यासाठीच ठेवली आहेत.

जवाहरनगर, जि. भंडारा